वाचक विचारतात : बिळात शिरणारं कुत्रं आणि लोकेटरचा पट्टा

प्रश्न : आमच्या आखाड्यावर (शेतातल्या घरी) जॅक रसेल टेरियर आहे, नाव बंड्या. सोयाबीनची बनीम (कापून रचलेला ढीग) उपसायला लागलं की घुशी मारायला एक नंबर. पण मागच्या महिन्यात धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बिळात घुसला तो दुपारपर्यंत बाहेरच आला नाही, आवाजपण येईना, आम्ही सगळे हात टेकून बसलो, मग आपोआपच आला, अंगभर माती. आता भाऊ पुण्याहून जमिनीखालचं कुत्रं सापडतं असा पट्टा पाठवतो म्हणतोय. तो बांधायचा कसा? गळ्याला फास तर बसणार नाही ना?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : भाऊ, फास बसू शकतो, हे आधीच स्पष्ट सांगतो. पट्टा यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक जण पट्टा आला की गळ्यात अडकवतात आणि कुत्रं सोडून देतात. वर वावरात पट्टा कशाला अडकला तर कुत्रं ओरडतं, आपण पळत जाऊन सोडवतो, पण बिळात ते एकटं असतं, तुरीचं जुनं मूळ किंवा दगडाची कोर पट्ट्यात शिरली तर त्याला मागं सरकता येत नाही आणि जितकी ओढाताण करतं तितका गळा आवळतो. म्हणून बिळात जाणाऱ्या कुत्र्याचा पट्टा आणि अंगणात बांधायचा पट्टा या दोन वेगळ्या वस्तू समजा.

आधी भावाला विचारा की पट्टा नेमका कुठला आहे. सिमकार्डवाला जीपीएस पट्टा असेल तर बिळात त्याचा उपयोग शून्य, कारण उपग्रहाचा सिग्नल मातीतून खाली पोचत नाही, मोबाइलवर फक्त कुत्रं आत शिरलं ती शेवटची जागा दिसत राहते. चावीला लावतात ती ब्लूटूथवाली चकती तर आखाड्यावर अजिबातच कामाची नाही, तिला आसपास दुसऱ्यांचे फोन लागतात आणि वावरात ते कुठून आणणार, शिवाय तिच्यात बटणासारखा सेल असतो, तो कुत्र्यानं चावून गिळला तर अन्ननलिका भाजते. तुम्हाला पाहिजे तो जमिनीखालचा लोकेटर. त्यात पट्ट्यावर एक छोटी डबी असते, ती कमी फ्रिक्वेन्सीवर चुंबकीय सिग्नल सोडते आणि आपल्या हातातलं यंत्र तो पकडून आवाज देतं किंवा आकडा दाखवतं. बर्फाखाली गाडलेली माणसं शोधायला गिर्यारोहक जे बीकन वापरतात ते ४५७ किलोहर्ट्झवर चालतं, तत्त्व तेच. आपल्या काळ्या मातीत याचा मोठा फायदा आहे, कारण ओली चिकणमाती जास्त फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी पटकन शोषून घेते पण कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून बऱ्यापैकी पार होतं. मात्र याची पोच काही मीटरच असते, दोन वावरं पलीकडं गेलेलं कुत्रं यानं सापडणार नाही.

आता बांधायचं कसं ते. पहिलं म्हणजे बंड्याच्या गळ्यातलं बाकी सगळं काढा, रोजचा पट्टा, घुंगरू, नाव कोरलेला बिल्ला, नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा आणि कवडीसुद्धा. घरातली मोठी माणसं दोरा काढू देत नसतील तर त्यांना समजावून सांगा की फक्त कामाच्या वेळेपुरता काढतोय, पण काढाच, कारण नायलॉनचा तो बारीक दोरा मुळात अडकला तर तुटत नाही, कातडी कापतो. बिळात जाताना गळ्यात एकच पट्टा, दुसरं काही नाही.

पट्टा अरुंद आणि सपाट पाहिजे, साधारण बोटभर रुंद, चामड्याचा किंवा प्लास्टिकचा लेप दिलेल्या नायलॉनचा. सुती पट्टा नको, तो पाणी धरतो आणि चिखलानं जड होतो. वर लोंबणारी कडी नको. बकलातून बाहेर आलेलं टोक शिल्लक राहत असेल तर कापून टाका, नाहीतर इन्सुलेशन टेपनं पट्ट्यालाच गुंडाळून टाका, कारण अडकायला तेवढं टोक पुरेसं असतं. डबी पट्ट्यावर सैल हलत असेल तर तीपण टेपनं घट्ट बसवा. हलणारी डबी कातडी घासते आणि तिच्या न् पट्ट्याच्या मधल्या फटीत काडी शिरते.

घट्ट किती? रोजच्या पट्ट्याला आपण दोन बोटं सपाट आत जातील एवढी जागा ठेवतो आणि ते बरोबरच आहे. बिळातल्या पट्ट्याला एवढी ढील जास्त होते. इथं एक बोट सपाट, थोडं अंगाला घासत आत गेलं पाहिजे. पट्टा कानाच्या लगेच मागं, मानेच्या वरच्या बाजूला बसवा, मान तिथंच सगळ्यात बारीक असते, आणि खाली खांद्याकडं सरकू देऊ नका, कारण खाली सरकला की तो सैल होतो आणि पुढचा पाय त्यात अडकू शकतो. पट्टा बांधताना कुत्रं मान ताठ करतं, त्यामुळं बांधून झालं की लगेच माप धरू नका, दहा मिनिटं पळू द्या, पाणी पाजा, मग परत बोट घालून बघा. पाणी पिताना ठसका लागला किंवा धापा टाकताना घरघर आली तर एक भोक सैल करा. जॅक रसेलची अडचण अशी की त्याची मान आणि डोकं जवळजवळ एकाच मापाचं असतं, त्यामुळं पट्टा मागं ओढला की डोक्यावरून निसटतो, आणि निसटू नये म्हणून माणसं आवळून बांधतात, तेच नको. उकळत्या तेलातून पुरी काढताना जशी घाई आणि हयगय दोन्ही चालत नाही तसं हे माप आहे.

यावर जाणकारांमध्ये दोन मतं आहेत. एक मत असं की पट्टा अडकला तर सुटलाच पाहिजे, म्हणून त्यात इलॅस्टिकचा छोटा तुकडा शिवून घ्यायचा. दुसरं मत असं की पट्टा सुटला तर यंत्र आपल्याला पट्टा दाखवेल, कुत्रं नाही, आणि आपण भलतीकडंच खणत बसू. माझं मत पहिल्या बाजूला आहे. दोन बोटं लांब आणि पट्ट्याएवढंच रुंद मजबूत इलॅस्टिक चपलाच्या कारागिराकडून दोन्ही टोकांना दुहेरी शिवून घ्या आणि मग हातानं तपासा, कुत्र्यानं डोकं झटकलं तर पट्टा निघायला नको पण आपण मागून जोर लावून ओढला तर कानावरून निघाला पाहिजे. हरवलेला पट्टा परत घेता येतो, भाऊ. इलॅस्टिक उन्हानं कुजतं, ताणल्यावर तडे दिसले की बदला.

डबीचं वजन पण बघा. वनसंशोधक जंगली जनावराला रेडिओ कॉलर लावतात तेव्हा जनावराच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा ठोकताळा वापरतात. ७ किलोच्या टेरियरला हे धरलं तर ३५० ग्रॅम होतात आणि एवढं ओझं घेऊन वाकून बिळात काम करणं त्याला फार जड जाईल, माझ्या मते पट्टा-डबी मिळून १०० ग्रॅमच्या आसपास असलेलं बरं.

पहिल्या दिवशी बिळात पाठवू नका. आधी घरीच जेवणाच्या वेळी थोडा वेळ बांधा, मग अंगणात, मग उघड्या वावरात. नवीन पट्टा असला की कुत्रं मागच्या पायानं तो ओरबाडतं, ते थांबेपर्यंत वाट बघा.

यंत्र तपासल्याशिवाय पण सोडायचं नाही. लिंबू-मोसंबीसाठी खणतात तसला तीन फुटी खड्डा कुठंतरी असेलच, पट्टा प्लास्टिकच्या बरणीत घालून आत ठेवा, वरून माती लोटा, आणि यंत्र घेऊन फिरा. आवाज सगळ्यात मोठा कुठं येतो, यंत्र आडवं-उभं फिरवल्यावर किती बदलतो, खोलीचा आकडा खरा येतो का हे सगळं हाताला कळलं पाहिजे. डबी आडवी झाली की सिग्नलची दिशापण बदलते आणि बिळात कुत्रं कसं पडलंय आपल्याला माहीत नसतं, म्हणून एकाच रेषेत चालू नका, आवाज मोठा आला की तिथून काटकोनात परत चाला आणि यंत्राची संवेदनशीलता कमी-कमी करत जागा लहान करत आणा. हे करताना मोबाइल खिशात नको, लांब ठेवा, आणि डीपीजवळ किंवा चालू मोटारीजवळ यंत्र उगाच किरकिर करतं, त्यामुळं तिथं काम असेल तर आधी मोटार बंद करा. सेल दर वेळी नवीन किंवा पूर्ण चार्ज.

आणि समजा आत अडकलाच. पहिल्यांदा सगळ्यांनी गप्प बसायचं. हाका मारल्या, बिळात काठी घातली, पाणी सोडलं, धूर केला तर कुत्रं आणखी आत सरकतं किंवा गुदमरतं. जागा सापडली की तिथं काठी रोवा आणि पाच-दहा मिनिटांनी परत मोजा, काठी आणि आवाज जुळत असेल तर कुत्रं एका जागी आहे. जेसीबी लगेच बोलावू नका. आपल्या भागात चटकन मिळतो म्हणून मोह होतो, पण काळी माती उन्हाळ्यात हात-हात भेगाळलेली असते आणि पावसाळ्यात फुगलेली, वरून मशीनचं वजन आलं की आतलं बीळ बसतं. काठीपासून दोन-अडीच फूट बाजूला टिकावानं उभा चर घ्या, खोली जवळ आली की टिकाव बाजूला ठेवा, खुरपं घ्या आणि त्यानंच जपून आडवं जा. बाहेर आल्यावर पहिल्यांदा पट्टा काढा, तोंडातली आणि नाकातली माती ओल्या फडक्यानं पुसा, पाणी थोडं-थोडं पाजा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो, बंड्याची छाती मोजा. हे टेरियर इंग्लंडात डेव्हनच्या जॉन रसेल नावाच्या पाद्रीनं १९व्या शतकात जमिनीखालच्या कामासाठी तयार केले, आणि तिथं आजही पुढच्या पायामागं दोन्ही हातांची पकड घालून छाती बघतात, बोटं जुळली तर कुत्रं बिळात वळू शकतं. आपल्याकडं भाकरी-दूध आणि लाडानं कुत्री जाड होतात. बोटं जुळत नसतील तर पट्टा कितीही चांगला असू द्या, त्याला बिळात सोडू नका, बनिमीवर आणि कडब्याच्या गंजीभोवतीच काम घ्या, तिथंही घुशी कमी नसतात.

प्रश्न : आमचे एक नातेवाईक इंग्लंडात असतात, ते म्हणाले तिकडं लोकेटर पट्टा बांधून टेरियर कोल्ह्याच्या बिळात सोडतात. आमच्याकडं साळिंदर हळद उकरतंय, धुऱ्यावर खोकडाचं बीळ पण आहे. टेरियर आणि पट्टा घेतला तर चालेल का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : नाही चालणार, आणि कृपा करून हा विचार सोडून द्या. साळिंदर, खोकड, कोल्हा, मुंगूस, ससा, घोरपड ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, हाकलून काढणं, मागं लागणं, त्याचा प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारच आहे. कुत्रं बिळात सोडलं की तुम्ही त्यात आलात. कुत्र्यानं मारलं, मी नाही, हे तिथं चालत नाही.

इंग्लंडचंही तुम्हाला अर्धंच सांगितलंय. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या हंटिंग अॅक्टनं कुत्र्यांनी जंगली सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर बंदी आणली. जमिनीखाली टेरियर सोडायला फक्त एक अरुंद सवलत आहे, बंदुकीच्या खेळासाठी पाळलेल्या पक्ष्यांचं रक्षण एवढ्यापुरती, आणि तीपण एका वेळी एकच कुत्रं आणि जमीनमालकाची लेखी परवानगी किंवा मालकीचा कागद जवळ ठेवून. लोकेटर पट्टा तिथं कुत्र्याच्या सुरक्षेसाठी असतो. तो बांधला म्हणून शिकारीला परवाना मिळत नाही.

साळिंदरानं हळद उकरली तर नुकसान खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथं कळवा आणि पंचनामा मागा. आणि साळिंदराचा काटा टेरियरच्या तोंडात-डोळ्यात घुसलेला एकदा बघितला ना, तर परत कुणी असं विचारणार नाही.

प्रश्न : आमच्या कारवानी कुत्रीला जीपीएस पट्टा घातला होता, रात्रंदिवस. आता मानेखाली केस गेलेत, ओलं झालंय, वास येतोय. शेजारी म्हणतो फिनाइल टाक. गडी म्हणतो रॉकेल.
– एक वाचक, चाकूर, जि. लातूर

उत्तर : ताई, दोन्ही नको. फिनाइल आणि रॉकेल दोन्हीनं कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. पट्टा आत्ताच काढा. केस कात्रीनं कापा, कोमट पाण्यानं धुवा, डॉक्टरांकडून क्लोरहेक्सिडिनचं पातळ द्रावण घेऊन पुसा, आणि वास येतोय म्हणजे आत अळ्या असू शकतात, त्यामुळं उद्यावर टाकू नका. १९६२ वर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते, आणि उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला तसं जवळच आहे.

हे होतं कसं तर पट्ट्याचा दाब एकाच जागी तासन् तास राहतो, खाली घाम नाही पण पाणी, लाळ, धूळ अडकते, गोचिडाला तर तीच जागा आवडते, आणि आपल्या उन्हाळ्यात, ४२-४३ डिग्रीत, डबी तापते ते वेगळंच. ट्रॅकर पट्टा दिवसातून सलग ८-१० तासांच्या वर ठेवू नये, रात्री काढावा, काढल्यावर मानेवर उलट्या केसांनी हात फिरवून बघावं, ओलसर, गरम, दाणेदार लागलं तर दोन-तीन दिवस विश्रांती. जखम पूर्ण भरून केस येईपर्यंत मानेला काहीच नको, तोवर छातीचा हार्नेस वापरा, फक्त वर वावरातच.

कारवानीला पट्टा बांधण्याची तऱ्हापण वेगळी. जानवळकडची ही कुत्री तुम्ही बघताच, डोकं अरुंद आणि मान त्यापेक्षा भरीव, साधा पट्टा पाठीमागं ओढला की निसटतो आणि म्हणून लोक आवळतात. तिला रुंद, आतून मऊ, ओढल्यावर ठराविक मापापर्यंतच आवळणारा पट्टा घ्या. जीपीएसचा अँटेना आकाशाकडं, म्हणजे मानेच्या वर पाहिजे आणि बॅटरीचं वजन गळ्याखाली, मग पट्टा आपोआप सरळ राहतो. बॅटरी लिथियमची असते, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका, आणि डबी फुगलेली दिसली तर परत गळ्यात घालू नका.

प्रश्न : बाहेरदेशी मिळणारा लांब पल्ल्याचा रेडिओ पट्टा मागवू का? धनगर भावाच्या कुत्र्यांना खिळ्याचा पट्टा असतो, त्यावरच बसवता येईल का?
– एक वाचक, आष्टी, जि. बीड

उत्तर : अमेरिकेतले काही शिकारी पट्टे १५१-१५४ मेगाहर्ट्झवर चालतात, तिथं ती फ्रिक्वेन्सी बिनपरवाना आहे, आपल्याकडं नाही. भारतात अशा लहान उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा भाग बिनपरवाना खुला आहे, त्यातलं घ्या नाहीतर सिमवालं घ्या. सिमवाल्यात फक्त २जी वर चालणारं असेल तर तुमच्या माळावर कुठल्या कंपनीचं २जी येतं ते आधी बघा, जिओचं नसतं. खिळ्याच्या पट्ट्यावर डबी बसवू नका. खिळ्याचा पट्टा बिबट्या-लांडग्यानं गळा धरू नये म्हणून असतो आणि झटापटीत पहिला मार त्याच डबीवर बसणार, शिवाय खिळ्यांची लोखंडी पट्टी सिग्नल अडवते. खिळ्याचा पट्टा रात्री राखणीला, ट्रॅकर दिवसा चरताना.

प्रश्न : शेजाऱ्यानं उसात उंदरांसाठी औषध टाकलंय, बिळात गोळ्यापण सोडल्यात म्हणे. आमचं टेरियर पट्टा बांधून सोडलं तर चालेल ना, सापडेल तरी.
– एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : सापडेल, पण मेलेलं सापडेल. अजिबात सोडू नका. बिळातल्या गोळ्या बहुतेक अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि तो माणसालाही मारतो, म्हणूनच त्या प्रशिक्षित माणसाशिवाय वापरायच्या नसतात. शेजाऱ्याला शांतपणे जाऊन विचारा, काय टाकलं, कधी टाकलं, कुठल्या बिळात, आणि पाकीट बघायला मागा. काळी पूड धान्यात कालवली असेल तर ते झिंक फॉस्फाइड, मेलेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तरी विषबाधा होते. ब्रोमाडिओलोनच्या वड्या असतील तर लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्यातून-नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती, आणि त्याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण डॉक्टरांच्या हातानं आणि काही आठवडे. झिंक फॉस्फाइडला असा उतारा नाही, लगेच पळवावं लागतं. वांती करवायला मीठ-पाणी पाजू नका, पाकिटाचा फोटो काढून सोबत न्या.

उंदरामागं जाणाऱ्या कुत्र्याला रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही दरवर्षी द्या, उंदराच्या लघवीतून हा आजार कुत्र्याला आणि तुम्हालाही होतो. आणि बिळात कुत्रं अडकलंय म्हणून स्वतःचा हात कधीच आत घालू नका, घुशीच्या जुन्या बिळात नाग, घोणस, मण्यार मुक्काम करतात. कुत्र्याला साप चावला तर घोणसाच्या चाव्याला थोड्या वेळात सूज येते, मण्यारच्या चाव्याला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि कुत्रं नुसतं लुळं पडत जातं, दोन्हीत चीर मारणं, चोखणं, पट्टी आवळणं बंद, पट्टा मात्र लगेच काढायचा कारण मान सुजली की तोच गळा दाबतो, आणि सापविरोधी लस कुठल्या दवाखान्यात आहे ते फोनवर विचारूनच गाडी काढायची.